ओट्याचा ढाळ

पाण्याशी वाद घालता येत नाही. माणसाशी येतो, वकिलाशी येतो, प्रसंगी देवाशीही येतो. पण ओट्यावर सांडलेले पाणी ज्या बाजूला जायचे त्याच बाजूला जाते, आणि आपण कितीही तावातावाने बोललो तरी ते मागे फिरत नाही. पस्तीस वर्षे मुलांना शहाणपण शिकवल्यानंतर, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, हे साधे ज्ञान मला माझ्याच स्वयंपाकघरात झाले.

आमचे करमाड जालना रस्त्यावरचे गाव. छत्रपती संभाजीनगराहून पूर्वेला निघाले की चिकलठाणा, मग शेंद्रा, आणि मग आम्ही. पूर्वी लोक आम्हांला रेल्वेच्या छोट्या स्थानकावरून ओळखत. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत वाढली, पुढे ऑरिक नावाची नवी नगरी तिच्या शेजारी उभी राहू लागली, आणि गावात जो तो बांधकाम काढू लागला. ज्याच्या घरी माळवद होते त्याने स्लॅब टाकला, ज्याचा स्लॅब होता त्याने वर मजला चढवला. आम्ही त्या मानाने अगदीच मागासलेले. आमचा ओटा शहाबादी फरशीचा, तिला मधोमध तडा गेलेला. मोरीकडच्या भिंतीला लोणा लागलेला. खालच्या फळ्या वाळवीने पोखरलेल्या. तेव्हा गेल्या वर्षी पितृपंधरवडा संपताच, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, आम्ही स्वयंपाकघराचे काम काढले.

मिस्त्री ओळखीचाच होता. शेजारच्या घराच्या पायऱ्या त्याने दहा वर्षांपूर्वी बांधल्या होत्या आणि त्या आजही जागच्या हललेल्या नाहीत. त्याने मजुरीचे ५२ हजार सांगितले. मी घासाघीस करून ४५ हजारांवर आणले. सात हजार वाचवल्याचा आनंद मला इतका झाला की घरी येऊन तो मी दोनदा सांगितला. शिवाय एक अट घातली : वसुबारसेच्या आधी स्वयंपाकघर मोकळे हवे, दिवाळीचा फराळ नव्या ओट्यावरच व्हायचा. म्हणजे हातात दिवस पंचवीस-सव्वीस. मिस्त्रीने क्षणभर बोटांवर काही मोजले आणि मान डोलावली. ती मान त्याने का डोलावली याचा विचार मी तेव्हा केला नाही. होकार मिळाल्यावर त्यामागचे कारण कोण विचारतो?

कागद मात्र केला नाही. एका वहीच्या पाठकोऱ्या पानावर आकडे मांडले, उचल दिली, झाले. ओट्याची उंची किती ठेवायची, असे मिस्त्रीने मला विचारले, आणि ज्याने उभ्या आयुष्यात त्या ओट्यावर चहाखेरीज काही केलेले नाही अशा मी ठामपणे सांगितले, "सगळीकडे असते तेवढी." स्वयंपाकघरात चाळीस वर्षे उभी राहिलेली माझी पत्नी त्या वेळी शेजारच्याच खोलीत तांदूळ निवडीत होती. तिला विचारावे असे आम्हां दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

काम ठरल्या दिवशी संपले. काळाभोर ग्रॅनाईट, वर पांढऱ्या टाइल्स, चकचकीत सिंक. नातवाने फोनवर छायाचित्रे काढून नातलगांना पाठवली. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. सारे गेल्यावर पत्नी तांब्याभर पाणी घेऊन आली आणि तिने ते ओट्याच्या मध्यावर हळूच ओतले. पाणी काही वेळ विचार केल्यासारखे थांबले, आणि मग सिंककडे न जाता सरळ भिंतीच्या कोपऱ्याकडे निघाले. तिथे टाइलच्या खालच्या सांध्यात एक बारीक फट होती. पाणी तिच्यात दिसेनासे झाले. त्या भिंतीच्या पलीकडे आमचे देवघर आहे.

"मी म्हटलं होतं ना," एवढेच ती म्हणाली. खरोखरच म्हटले होते. ग्रॅनाईट बसवत होते त्याच दिवशी तिने मला बोलावून सांगितले होते, की ढाळ उलटा वाटतो. मी उत्तर दिले होते, "ते त्यांचं काम आहे, त्यांना कळतं."

मग मी नीट पाहू लागलो, आणि पाहावे तिकडे दोष दिसू लागले. टाइलांवर टिचकी मारावी तर पाचांतली एक पोकळ वाजे. एक सैल झालेली काढून पाहिली : तिच्या पाठीवर मालाचे नुसते चार ठिपके, मधली जागा रिकामी. सिंकखालचा नळ ठिबकत होता. ओट्यामागचा गिलावा नखाने खरवडला तर रेती हाताला येई. दोन टाइलांमधली रेष एका टोकाला बारीक, तर दुसऱ्या टोकाला बोटभर. आणि ओट्याची उंची? पत्नी पोळ्या लाटायला उभी राहिली की तिला कमरेत वाकावे लागे.

मला संताप आला. गावात या विषयावर बोलायला बसावे तर सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात. प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट असते : कोणाच्या न्हाणीघराचे पाणी बैठकीत येते, कोणाचे दार पावसाळ्यात मिटत नाही. साऱ्या गोष्टींचे तात्पर्य एकच : "ही माणसंच अशी. यांना पैसा हवा, काम नको." मीही त्या कोरसात सामील झालो. मिस्त्रीचे ८ हजार रुपये द्यायचे राहिले होते. ते मी रोखून धरले आणि मनाशी म्हणालो, आता कळेल.

माझे एक वकील स्नेही आहेत, त्यांनाही विचारले. त्यांच्या बोलण्यातून मला बरीच माहिती मिळाली; ती वाचकांच्याही उपयोगी पडेल. आपल्याकडे ग्राहकाच्या हक्काची चळवळ उभी राहिली ती १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. घर बांधून देणे हीदेखील 'सेवा' आहे आणि तिच्यातल्या उणिवेबद्दल दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले. २०१९ साली झालेला नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्कही पडत नाही. हे सारे सांगून झाल्यावर स्नेह्यांनी विचारले, "पावती आहे? करारपत्र आहे?" मी पाठकोरे पान पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि परत दिले. कायद्याचे दार उघडे होते. पायरीच मी बांधली नव्हती.

दिवाळीच्या आधीचा आठवडी बाजार होता. पणत्या, रांगोळी, बोळकी, ऊस. माणसांची ही गर्दी. किराण्याच्या दुकानात माझ्या पुढे एक बाई उभी होती. आमच्या कामावर घमेली वाहणाऱ्या दोघींपैकी ती एक. तिने एक किलो रवा सांगितला, मग अर्धा किलो करायला सांगितला, मग दुकानदाराला म्हणाली, "बाकीचं मांडून ठेवा." दुकानदार म्हणाला, आधीचेच राहिले आहे. तेवढ्यात तिचे माझ्याकडे लक्ष गेले. ती ओशाळी हसली.

"काय बाई, झाली का दिवाळीची तयारी?" मी आपले काहीतरी बोलायचे म्हणून विचारले.

"व्हईल की गुरुजी," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्याची हजेरी राहिली नं. मिस्त्री म्हनले, गुरुजींचं बिल निघालं की देतो."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडला की पेरू, तसे बिल निघाले की रवा घेऊ, इतक्या सरळपणे ती ते म्हणाली. मी मात्र तिथून माझे सामान न घेताच बाहेर पडलो.

'आता कळेल' असे मी म्हणालो होतो. कळले खरे, पण कोणाला? मी रोखलेले पैसे मिस्त्रीच्या खिशातून वजा झाले, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात ते एक पायरी उतरले, दुसरी उतरले, आणि जिच्या हातून ओट्याचा ढाळ चुकला नव्हता, जिला ओळंबा किंवा गुण्या हातात धरायलाही कोणी दिला नव्हता, तिच्या अर्ध्या किलो रव्यावर जाऊन थांबले. शिक्षेलाही पाण्यासारखाच ढाळ असतो. ती वरून सोडली की सगळ्यांत खालच्या जागी जाऊन साचते. पाण्याचा ढाळ चुकला म्हणून रागावलेल्या मी शिक्षेचा ढाळ पाहिलाच नव्हता.

त्या रात्री झोप आली नाही. मी मनाशी हिशेब मांडू लागलो. सात हजार मी वाचवले होते ते आले कुठून? मिस्त्रीने तीन बिगाऱ्यांच्या जागी दोन घेतले. माल कमी कालवला गेला, म्हणून टाइलच्या पाठीवर चार ठिपके. आणि दिवस? सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस पाणी मारून ओले ठेवावे लागते. काँक्रीटची ताकद तर अठ्ठाविसाव्या दिवशी मोजण्याची रीत आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. आमच्या गिलाव्याला पाणी मिळाले ते दोन दिवस, कारण मला वसुबारस गाठायची होती. वसुबारस आपल्या तिथीला आली, सिमेंटला मात्र तिथी ठाऊक नव्हती.

याचा अर्थ मिस्त्री निर्दोष होता असे नाही. पण दोषाचे सारे ओझे त्याच्या एकट्याच्या घमेल्यात टाकणे मला जड जाऊ लागले. आमच्या शहरातल्या बीबी का मकबऱ्याची मला आठवण झाली. सतराव्या शतकातली ही वास्तू. पाहणारे येतात, ताजमहालाशी तुलना करतात आणि नाक मुरडतात, की ही गरिबाची नक्कल. परंतु तिथे संगमरवर काही भागापुरताच वापरला आणि पुष्कळ ठिकाणी चुन्याचा घोटीव गिलावा केला, तो कारागिरांना संगमरवर घडवता येत नव्हता म्हणून नव्हे. खर्चाला हात आखडता होता. तेवढ्यातही त्यांनी असा गिलावा केला की तो आज साडेतीनशे वर्षांनंतर पाहण्यासारखा आहे. तिथल्या दारावर अताउल्ला आणि हंसपतराय या दोन करणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. तरीही नावे ठेवली जातात ती कामालाच. खर्च करणाऱ्याच्या तिजोरीकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही.

आणि करमाडच्या माणसाला मजुराविषयी बोलताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीच्या दिवसांत, बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसे मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली. काम थांबले होते, गावाकडे जायला गाडी नव्हती. भुसावळहून मिळेल या आशेने ती रात्रभर रुळाच्या कडेने चालत आली, आणि थकून तिथेच आडवी झाली. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिल्या. त्या दिवशीही काही लोकांनी विचारले होते, "पण रुळावर झोपले कशाला?" प्रश्न तर्काला धरून आहे. पण थकलेल्या माणसाची चूक तेवढी दिसावी आणि त्याला थकवणारा रस्ता दिसू नये, ही आपल्या डोळ्यांची फार जुनी सवय आहे. जालन्याच्या पोलादाच्या सळया आमच्या भागातल्या किती घरांच्या स्लॅबमध्ये असतील! ज्या छताखाली आपण निवांत झोपतो त्यात कोणाचे तरी जागरण ओतलेले असते.

अशा विचारांत पहाट झाली. सकाळी मी पत्नीला म्हणालो, "जाऊ दे. पैसे देऊन टाकतो सगळे. गरीब माणसं आहेत, त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची? आपण पुसून घेत जाऊ पाणी."

मला वाटले होते, ती माझ्या मोठ्या मनाचे कौतुक करील. तिने हातातले फडके ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "आपण म्हणजे कोण? कालपासून हे पाणी मी बावीस वेळा पुसलं. तुम्ही एकदाही नाही."

मी गप्प बसलो.

"तिची हजेरी राहिली हे वाईटच झालं. ती आजच्या आज द्या," ती पुढे म्हणाली. "पण त्यांची गरिबी खरी, तसं हे पाणीही खरं. मजुरी वेगळी आणि चूक वेगळी. आणि 'यांच्याकडून काय अपेक्षा' असं म्हणू नका. शेजारच्या पायऱ्या त्यांनीच बांधल्यात. ज्याला येतं त्यालाच आपण सांगतो ना, की चुकलं?"

शाळेत मी कधी एखाद्या मुलाची वही तांबडी रेघ न मारता परत केली असेन, तर ती दोनच कारणांनी : एक तर उत्तर बरोबर होते म्हणून, नाही तर हा मुलगा कधी सुधारायचा नाही असे मी मनात ठरवून टाकले होते म्हणून. या दुसऱ्या प्रकारच्या वह्या मला त्या सकाळी आठवल्या. त्या मुलांना बरे वाटले असेल. पण त्यांचा तो मी केलेला अपमान होता. रागावून पैसे बुडवणे आणि दया येऊन चूक पोटात घालणे, या दोन गोष्टी मला परस्परविरुद्ध वाटत होत्या. आता दिसले की दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे : समोरच्या माणसाच्या हातून चांगले काम होणारच नाही, ही. रागावलेला तसे तोंडावर बोलतो, दयाळू माणूस मनात बोलतो. गीतेने कामातल्या कौशल्याचे नाते थेट योगाशी जोडले आहे. ते खरे मानायचे, तर कौशल्याची अपेक्षा फक्त आपल्या जातभाईंकडून, आपल्या मुलाकडून किंवा डॉक्टरकडून ठेवायची आणि मिस्त्रीकडून मात्र ठेवायची नाही, हा कोणता न्याय?

मी मिस्त्रीच्या घरी गेलो. ८ हजारांपैकी दोघी बिगारी बायकांच्या सहा-सहा दिवसांच्या हजेरीचे ६ हजार त्याच्या हातात ठेवले आणि म्हणालो, "हे त्यांचे आहेत, आजच पोचवा. तुमचे दोन हजार माझ्याकडे आहेत, बुडवणार नाही. भाऊबीज झाली की एकदा घरी या, ओटा पाहायचा आहे." त्याने माझ्याकडे पाहिले. भांडण ऐकायच्या तयारीने तो उंबऱ्याशी उभा होता. काय बोलावे ते त्याला सुचेना. संध्याकाळी पैसे पोचल्याचा निरोप आला.

भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी तो आला. मी दोषांची यादी कागदावर लिहून ठेवली होती, अनुक्रमांक घालून. शेवटी मास्तरच तो. पण पत्नीने मला ती वाचू दिली नाही. तिने तांब्या भरला आणि म्हणाली, "मिस्त्री, जरा बघता का हे पाणी कुठं जातं?"

तिघेही आम्ही त्या पाण्याकडे पाहत उभे राहिलो. ते गेले ते पुन्हा कोपऱ्याकडेच गेले. मिस्त्री वाकून पाहत होता. त्याने सांध्यावरून बोट फिरवले, दोन टाइलांवर टिचक्या मारल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"तीन सूत तरी उलटा गेलाय, बाई," तो शेवटी म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "त्या दिवशी लेव्हलची नळी दुसऱ्या कामावर व्हती. म्या नजरंनं लावला."

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"सांगून काय केलं असतं गुरुजी? नळी यायला दोन दिवस लागले असते. तुम्हाला वसुबारस पाहिजे व्हती." थोडे थांबून तो म्हणाला, "पन चूक माजीच हाय. नजरंनं लावायला नको व्हतं. मला रातच्याला आठवायचं ते."

रात्री ओटा आठवणारे आम्ही दोघे होतो, हे मला त्या वेळी कळले.

मग तिथेच उभ्या उभ्या ठरले, आणि या वेळी कागदावर लिहिले. मिस्त्रीची स्वतःची मेहनत त्याची. ढाळ चुकला तो त्याच्या हातून. माल माझा; घाई माझी होती. बिगारी बाईची हजेरी रोजच्या रोज संध्याकाळी, मी स्वतः द्यायची. मुदत नाही, पाणी मारायचे सात दिवस मोजून घ्यायचे. राहिलेले दोन हजार, पाणी सिंकमध्ये गेलेले पाहून. खाली तिघांच्या सह्या. तिसरी पत्नीची, कारण ओटा तिचा.

काम नऊ दिवस चालले. ग्रॅनाईट उचलताना एका कोपऱ्याला कपचा उडाला, तो अजून दिसतो. पोकळ टाइला काढून पाठीवर पूर्ण माल भरून पुन्हा बसवल्या. मिस्त्रीने नळीची दोन्ही टोके ओट्याच्या दोन्ही बाजूंना धरायला लावली : एक टोक माझ्या हातात, एक नातवाच्या. नळीत पाणी भरले की ते दोन्हीकडे एकाच उंचीवर येऊन थांबते, मध्ये नळी कितीही वेडीवाकडी लोळत असो. आमच्या शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहरीने पाणी आणले, डोंगरातून मातीच्या नळांतून, कोणतेही यंत्र न लावता, तेही पाण्याच्या याच स्वभावावर. पुढे तशाच नळांच्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरले. ही सारी माहिती मी नातवाला देत होतो, तर मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, हात हालवू नका, लेव्हल जाती." मी गप्प बसून हात स्थिर धरला. एवढ्या दिवसांत त्या कामाला माझा झालेला उपयोग तेवढाच.

माल आणि बिगाऱ्याची हजेरी धरून मला या दुरुस्तीचा खर्च सात हजारांच्या घरात आला. घासाघिशीत मी वाचवले होते तेही सात हजारच. वरच्याचा हिशेब कधी कधी पाठकोऱ्या पानावरही बरोबर निघतो!

सगळे निस्तरले असे मात्र समजू नका. ओट्याची उंची बदलणे शक्य नव्हते; त्यासाठी सारेच पाडावे लागले असते. तो दीड इंच ठेंगणा राहिला तो राहिलाच. पत्नी पोळ्या लाटताना खाली एक जाड लाकडी फळा ठेवते, म्हणजे पोळपाट उंच होतो. तो फळा पाहिला की मला माझे 'सगळीकडे असते तेवढी' हे वाक्य आठवते. त्या चुकीबद्दल माझी हजेरी कोणी कापली नाही. मिस्त्रीची चूक नळीने मोजता आली, आणि म्हणून ती दुरुस्त झाली. माझी चूक मोजायला कोणी नळी आणलीच नाही. घरोघरच्या कित्येक कमरा अशाच दीड-दीड इंचांनी वाकल्या असतील.

वाईट कामाचे काय करावे, असा प्रश्न मला आता कोणी विचारला तर मी मोठे तत्त्वज्ञान सांगणार नाही. घाम गाळणाऱ्याची हजेरी चुकीच्या हिशेबात धरू नये. चूक ज्याच्या हातून झाली त्याला ती दाखवावी. शब्दांनी नव्हे, पाण्याने. ती दुरुस्त करण्याची संधी त्याच हातांना द्यावी, आणि त्यासाठी लागणारे दिवस आपल्या पंचांगातून काढून द्यावे. एवढे केल्यावरही तो आला नाही, तर आयोगाचे दार आहेच. फक्त कागद आधी करून ठेवावा. आणि ओळंबा दुसऱ्याच्या भिंतीला लावण्याआधी एकदा आपल्याही भिंतीला लावून पाहावा. तो सरळच लटकतो. वाकडी असते ती भिंत.

यंदा घरात पुन्हा फराळाची गडबड आहे. सूनबाई चकल्या पाडीत आहे, नातू त्यांतल्या तुटलेल्या उचलण्याच्या निमित्ताने धडधाकटही तोडीत आहे. मिस्त्री परवा येऊन गेला. पलीकडच्या गल्लीत त्याचे काम चालू आहे. चहा घेऊन झाल्यावर तो उठला, आणि कोणी काही न सांगता त्याने माठातले पाणी पेल्यात घेतले, थोडे ओट्यावर सांडले आणि पाहत उभा राहिला. पाणी सिंकमध्ये गेले.

"जातंय," तो म्हणाला.

"वर्षभर जातंय," पत्नी म्हणाली, आणि तिने बिगारी बाईसाठी बांधून ठेवलेला फराळाचा डबा त्याच्या हातात दिला.